पन्नास श्रोते आणि एक आत्या

३ जुलै

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद. तुला त्यांची गरज दिसते म्हणून नेहमीपेक्षा दोन जास्तच.

तू पाठवलेला रेडिओ पोचला. लाल रंगाचा का निवडलास ते कळलं नाही. स्वयंपाकघरात तो आग विझवायचं सामान वाटतो. मिक्सरशेजारी ठेवला आहे. तुमच्या कॉलेजचं केंद्र त्यावर लागतं, आणि अगदी स्वच्छ लागतं, हे माझं दुर्दैव.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी तुमचं केंद्र ऐकत नाही. रेडिओ स्वयंपाकघरात असतो आणि मीही दिवसभर तिथेच असते, म्हणून कानावर पडतं. ऐकणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. हा फरक मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं पगार घेऊन पाळला आहे.

तर कानावर पडलं ते असं. सोमवारी आठ वाजून चार मिनिटांनी तुमच्या सकाळी सगळ्यात आधी बोलणाऱ्या मुलाने 'सुप्रभात' म्हणता म्हणता जांभई दिली. मंगळवारी अकरा वीसला सतरा सेकंद काहीच नाही. मी घड्याळ समोर धरून मोजले. आमच्याकडे लाइनवर दहा सेकंदांहून जास्त शांतता झाली की सुपरवायझर पाठीशी येऊन उभी राहायची, आणि शेवटची अकरा वर्षं ती सुपरवायझर मीच होते. बुधवारी तू स्वतः एक मिनिट दहा सेकंद हसत होतीस. कशाला, ते सांगितलं नाहीस. ज्याला कळलं नाही त्याने तोवर काय करायचं, भिंतीकडे बघायचं? कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर वाचन घेताना आमच्या डोक्यावर पुस्तक ठेवायच्या. हसलं की ते पडायचं, आणि पडलं की धडा पहिल्यापासून.

आणि तो जांभईवाला मुलगा हवेबद्दल किती बोलतो. मला छत्तीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. दर गुरुवारी परगावच्या एका मुलीला ट्रंक कॉल लावायचा. तीन मिनिटांचा कॉल, आणि तीनही मिनिटं हा तिला ऊन किती पडलं आहे ते सांगायचा. असे चौदा गुरुवार गेले. पंधराव्या गुरुवारी मला राहवलं नाही. नियम मोडून मी मध्ये बोलले की चाळीस सेकंद उरलेत, मुद्द्याचं बोला. आणि लगेच बाजूला झाले, त्यामुळे तो काय बोलला आणि ती काय म्हणाली हे मला आजतागायत ठाऊक नाही. पुढच्या गुरुवारपासून त्याचा कॉल बंद झाला. बहुधा नाहीच म्हणाली असेल.

या वयात तुम्हा पोरांना हे आमच्या काळातलं खूळ कुठून लागलं, ते सवडीने कळव. बाकी क्षेम. लोभ आहेच, आवाज कमी असावा.

तुझी आत्या

ता. क. : फोन करू नकोस. निवृत्तीच्या दिवशी हेडसेट खाली ठेवला तेव्हाच सांगितलं होतं, यापुढे कानाला काही लावणार नाही. नऊ वर्षांत लावलेलं नाही.


६ जुलै

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, हेडफोन काढून आणि वाकून.

दोन किलोमीटरवर राहून एकमेकींना पत्रं लिहिणाऱ्या आपणच. हॉस्टेलच्या रखवालदाराने काल विचारलं की ही बाई कोर्टातली आहे का, कारण दर आठवड्याला जाड पाकीट येतं.

तुझ्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. सतरा सेकंद शांतता होती कारण पुढच्या गाण्याची कॅसेट सापडत नव्हती. हसत होते कारण जांभईवाला खुर्चीवरून पडला होता. आमची खोली म्हणजे चौथ्या मजल्यावरचं रसायनशास्त्राचं जुनं कोठार. भिंतींना हॉस्टेलच्या टाकाऊ गाद्या ठोकल्या आहेत, आणि पाठ टेकली की कापूस बाहेर येतो. पंधरा वर्षं केंद्र बंद होतं. मागच्या वर्षी आम्ही पाच जणांनी कुलूप तोडलं (परवानगी घेऊन), आणि आज बोलायला चौऱ्याऐंशी जण रांगेत आहेत.

खूळ कुठून लागलं म्हणतेस. मोबाइलवर काय लागावं हे एक यंत्र ठरवतं, आणि ते आमची आवड इतकी अचूक ओळखतं की कंटाळा येतो. इथे एखादी मुलगी आजोबांच्या कपाटातलं काहीतरी आणून लावते. पहिल्यांदा भयंकर वाटतं, पण पुढे ढकलता येत नाही, म्हणून ऐकतो, आणि तिसऱ्यांदा तेच गुणगुणत जिना उतरतो. शिवाय इथे चेहरा दिसत नाही. दहावीपासून आम्ही स्वतःचेच फोटो बघतो आहोत गं. केस न विंचरता चारशे लोकांशी बोलायचं, हे सुख तुला नाही कळायचं.

आता खरं काम. चारशे लोक आहेत की नाहीत, हाच वाद आहे. उपप्राचार्य सर म्हणतात, चौऱ्याऐंशी जणांना बोलायचं आहे हे दिसलं, पण ऐकतं कोण? मोबाइलवरचे निरोप ते धरत नाहीत, कारण ते आम्ही एकमेकांना पाठवू. त्यांना कॉलेजबाहेरच्या लोकांची कागदावरची, नाव-पत्ता आणि फोन नंबर असलेली पन्नास पत्रं हवीत, एकतीस तारखेच्या आत. नाहीतर खोली मोडक्या बाकांना. आजवर एक आलं आहे, आणि ते लाँड्रीवाल्याचं, रेडिओबद्दल नव्हे तर चादरींबद्दल.

तू केंद्राच्या नावे चार ओळी लिहिशील का? दोन चांगल्या असल्या तरी चालतील.

तुझी, आणि चाळीस टक्के तुझ्यासारखीच,
भुंगी


९ जुलै

चि. भुंगीस,
आशीर्वाद. चाळीस टक्क्यांचा हिशेब समोरासमोर करू.

चेहरा न दिसण्याचं सुख मला नाही कळायचं, हे तू मला शिकवतेस? एकतीस वर्षं मी अख्ख्या गावाशी बोलले आणि मला कोणी पाहिलं नाही. भाजीवाल्याकडे 'किती दिले' म्हटलं की पाठीमागचा माणूस आपोआप सरळ उभा राहायचा, आणि का, ते त्याचं त्यालाच कळायचं नाही. तेव्हा ते सुख राहू दे.

पत्र मी लिहिणार नाही. श्रोत्याने लिहायचं आहे आणि मी श्रोता नाही. तुझ्यासाठी खोटं लिहिलं तर सिस्टर जिथे असतील तिथून छडी घेऊन येतील.

पन्नास पत्रं येणारही नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तू रडत बसणार नाहीस. या भागातल्या लोकांनी वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्याच इमारतीत बघ. दुसऱ्या मजल्यावरचे बँडमास्तर निवृत्त झाले, पण क्लॅरिनेट निवृत्त झालं नाही. त्यांना वरच्या पट्टीतलं सगळं येतं आणि कागदावर सही सोडून काही येत नाही. त्यांच्या वरच्या बाई दिवसातून तीनदा गॅलरीतून चादरी झटकतात. तेवढी शक्ती एकदा लेखणीत आली असती तर ग्रंथ झाला असता. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर काय लिहितात ते औषधवाल्यालाही कळत नाही. या मंडळींकडून तू पत्रं मागतेस? त्यांनी रेडिओ लावला तरी तो बंद कसा करायचा हे विचारायला माझ्याकडे येतील.

खोली गेली तर वाईट वाटेल. पण अभ्यासाला वेळ मिळेल, असं तुझे वडील म्हणतील. मी म्हणत नाही.

तुझी आत्या

ता. क. : जांभई कालपासून बंद झाली आहे. कोणी केली? शाबास सांग.


१४ जुलै

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. हे पत्र पूर्ण वाचून मग फाडावंस, ही विनंती.

मी एक गुन्हा केला आहे. शनिवारी सकाळी बोलायला ठरलेली मुलगी आली नाही. तुझं पत्र दप्तरात होतं. सतरा सेकंद शांतता होणार, तुला राग येणार, या भीतीने मी ते काढलं आणि वाचलं. तुझं नाव नाही घेतलं. 'न ऐकणाऱ्या बाईंचं पत्र' एवढंच म्हटलं. बँडमास्तर, चादरी आणि दात मात्र तसेच राहिले, कारण ते गाळले तर मजा जात होती.

सोमवारी फाटकावरच्या पेटीत अकरा पत्रं होती. आज चौदा आहेत. सगळी तुझ्यावर. एकाने लिहिलं आहे की या बाईंना समुद्राकाठी पाठवलं तर त्या लाटांना रांगेत यायला सांगतील. एका बाईंनी दोन पानांत फक्त चादर का झटकावी लागते ते लिहिलं आहे. आणि आत्या, प्रत्येकाने आपण कोणता कार्यक्रम किती वाजता ऐकतो ते पुराव्यासारखं लिहिलं आहे, 'आम्ही यादीपलीकडे लिहितो' हे दाखवायला.

मी तुझी क्षमा मागते. पण दुसरं पत्र पाठवशील का?

तुझी, शंभर टक्के गुन्हेगार,
भुंगी


१७ जुलै

भुंगीस,
आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत.

गुन्हा कबूल करायची गरज नव्हती. मी तो कानांनी ऐकला, म्हणजे कानावर पडला. दूध उतू गेलं. खाजगी पत्र चारचौघांत वाचायचं नसतं हे तुला कोणी शिकवलं नसेल तर मी आज शिकवते. आणि वाचायचंच तर नीट वाचायचं. 'ग्रंथ' शब्दापुढे थांबायला हवं होतं, तू धावलीस, विनोद वाया गेला.

आता परिणाम ऐक. त्याच दिवशी चार वाजता दार वाजलं. बँडमास्तर. हातात कागद. म्हणाले, रेडिओवर कोणी उर्मट बाई आहे, तिला उत्तर लिहिलं आहे, तुमचं शिक्षण चांगल्या शाळेतलं, जरा नजर टाका. मी चेहरा हलू दिला नाही. वाचलं. 'बाई फार बोलतात' एवढंच लिहिलं होतं. यात काही दम नाही असं मी त्यांना सांगितलं, आणि त्या जागी घातलं की बाईंना स्वतःच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज सहन होत नाही. ते खूश झाले. अर्ध्या तासाने चादरवाल्या बाई आल्या, मग डॉक्टर, मग डॉक्टरांचे रुग्ण, तोंडात कापूस घेऊन. परवापर्यंत शेजारच्या दोन इमारतीही आल्या. माझ्यावरच्या एकतीस शिव्या मी स्वतः दुरुस्त करून दिल्या आहेत, आणि अभिमानाने सांगते की त्यांतल्या निम्म्या आता वाचण्यासारख्या झाल्या आहेत.

दुसरं पत्र मागतेस. हेच आहे. बँडमास्तरांचा भाग गाळ.

तुझी आत्या

ता. क. : 'ग्रंथ' शब्दापुढे थांबणे.


२७ जुलै

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. आज गंमत नाही.

त्रेपन्न पत्रं झाली होती. परवा उपप्राचार्य सरांसमोर गठ्ठा ठेवला आणि आम्ही पेढे वाटल्यासारखे हसत उभे राहिलो. सरांनी एक उघडलं, दुसरं उघडलं, मग सगळी टेबलावर पसरली. एकतीस पत्रांवर लाल शाईतल्या दुरुस्त्या, ज्यांवर आम्ही नुसतं हसलो होतो. सगळ्या एकाच हाताच्या, समासात बरोबरच्या खुणांसह. सर म्हणाले की ही पत्रं पन्नास लोकांनी नाही, एका माणसाने लिहवून घेतली आहेत, आणि त्या माणसाची शिस्त पाहता तो तुमच्यातला नाही एवढंच बरं.

तू शुद्ध प्रत काढायला सांगितली नव्हतीस का गं? त्यांनी तुझी लाल शाई तशीच टाकली पेटीत.

तुझं नाव मी सांगितलं नाही. सर मला तोंडावर लबाड म्हणाले, तरीही नाही. सगळ्यांना वाटेल की तू भाचीसाठी खोटी पत्रं केलीस, आणि ते मला केंद्र जाण्यापेक्षा जास्त लागेल.

शेवटी सरांनी एवढं मान्य केलं. शनिवारी अकरा वाजता ते स्वतः खोलीत बसणार, लाल शाईवाल्या एकतीस जणांना केंद्रावरून फोन लावायचे, कार्यक्रम चालू असताना, आणि प्रत्येकाला विचारायचं. तास संपेपर्यंत सगळे झाले नाहीत तर सोमवारी बाकं वर येतील. आमच्या फोनला तीन लाइन आहेत. आज सराव केला. नऊ कॉलपैकी सहा तुटले, आणि लाँड्रीवाला जांभईवाल्याच्या आईला जोडला गेला. एका तासात एकतीस आमच्याने होणार नाहीत.

तुला काही कर म्हणत नाही. कळवलं.

तुझी भुंगी


२८ जुलै

चि. भुंगीस,
राखून ठेवलेले आशीर्वाद सोबत.

शुद्ध प्रत काढा असं प्रत्येकाला सांगितलं होतं. बँडमास्तर म्हणतात, इतकी सुंदर लाल शाई पुन्हा लिहून कशाला घालवायची. माणसांबद्दलचं माझं मत होतं तेच आहे.

खोटं मी केलेलं नाही आणि माझं नाव भाचीकडून लपवूनही घेणार नाही. शनिवारी येते. जिन्याला कठडा कोणत्या हाताला आहे ते कळव, गुडघा डावा आहे. एकतीस नंबर मोठ्या अक्षरांत, इमारतीप्रमाणे लावून ठेव. हेडसेट स्पिरिटने पूस.

तुझी आत्या


२ ऑगस्ट

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण आत्याची गोष्ट पत्रातच शोभते. शिवाय तुम्ही मध्येच 'अभ्यास?' असं विचारलं असतं.

काल आत्या कॉलेजात आली. चार मजले चढली. प्रत्येक मजल्यावर थांबून सूचनाफलक वाचल्याचं नाटक केलं. खोलीत आल्यावर गाद्यांकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि जांभईवाल्याला खुर्चीवरून उठवलं. सरांना एवढंच म्हणाली की लाल शाई माझी, खुलासा नंतर, आधी काम. मग बसली, डोक्यावर पुस्तक असल्यासारखी ताठ, आणि हेडसेट हातात घेतला. बाबा, तो कानाला लावायला तिला ते चार जिने चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी खिडकीकडे बघत राहिले.

मग तिचा आवाज आला. घरात बोलते तो नाही. खालचा, गुळगुळीत, घाई नसलेला. 'नमस्कार. थांबा, जोडते आहे.' एका हाताने एक लाइन, दुसऱ्या हाताने दुसरी, तिसरीवरच्या माणसाला दर दहा सेकंदांनी प्रयत्न चालू आहे म्हणून सांगणं. एकही कॉल तुटला नाही. लोक 'हो, मीच लिहिलं' म्हणायचे, सर खूण करायचे. चादरवाल्या बाईंनी चादरीचा विषय काढला तर आत्याने तो नऊ सेकंदांत मिटवला. बँडमास्तर म्हणाले की बाई, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, अख्ख्या इमारतीने ओळखलं होतं, उगाच का तुमच्याकडेच तपासायला आणलं? आत्याने पुढचा कॉल जोडला, पण कान लाल झाले.

मग माझ्या लक्षात आलं की सर खुणा करत नाहीत. पेन्सिल खाली ठेवून तिच्याकडे बघत होते. सोळा झाले, अठरा झाले. शेवटी त्यांनी हात वर केला आणि माइक चालू आहे हे विसरून बोलले.

'चाळीस सेकंद उरलेत, मुद्द्याचं बोला. हे तुम्ही म्हणाला होतात.'

आत्या गप्प. मी मोजले, अकरा सेकंद. तिच्या लाइनवर एवढी शांतता कधीच झाली नसेल. सर म्हणाले, मला इतकी वर्षं वाटतं की तो भास होता, ऑपरेटर कॉल ऐकत नसतात.

आत्या म्हणाली, 'मी ऐकत होते. चौदा गुरुवार.' आणि थोडं थांबून, 'हे केंद्रही ऐकते. सकाळी आठपासून. लिहून घ्या.'

सरांनी खरंच लिहून घेतलं. तेवढ्यात तिसरी लाइन वाजली. आत्याने उचलली, ऐकलं, आणि चेहरा असा झाला जसा मी कधी पाहिला नव्हता. मग त्याच एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली की सर, तुमच्यासाठी आहे, घरून. सरांच्या बायको. भांडी घासताना सगळं ऐकत होत्या. रोजच ऐकतात, नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्यांना विचारायचं होतं की छत्तीस वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे एकदाचं विचारलंत त्यांच्या खोलीत बाकं ठेवणार आहात का. सर ऊन फार आहे असं काहीतरी पुटपुटू लागले.

आत्याने घड्याळाकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. तोच. सरांना बारा सेकंद पुरले. खोली आमची.

उरलेले तेरा कॉल तिने तरीही लावले. यादी अर्धी सोडत नाहीत म्हणाली.

अभ्यास चालू आहे.

तुमची भुंगी


५ ऑगस्ट

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तू तुझ्या वडिलांना काय लिहिलंस ते त्यांनी मला उलट टपाली कळवलं. माझे कान लाल झाले नव्हते. हेडसेट घट्ट होता. एका जागी गादीतला कापूस माझ्या अंबाड्यात अडकला आणि तसाच मी बसस्टॉपपर्यंत गेले, हे मात्र कोणी लिहिलं नाही.

सरांच्या बायको काल आल्या होत्या, मोठा डबा घेऊन. मी विचारलं की त्या गुरुवारनंतर कॉल बंद का झाला. म्हणाल्या, तो पुढच्याच बसने समोर येऊन उभा राहिला, मग फोन कशाला लागतो? इतकी वर्षं मी त्या पोराला उगाच बिचारा समजत होते. रात्री झोप चांगली लागली.

गुरुवारी सकाळी मला वेळ असतो. मी बोलणार नाही, नुसते फोन जोडून देईन. बँडमास्तरांना क्लॅरिनेट वाजवायचं आहे. तीन मिनिटं देऊ, एक सेकंद जास्त नाही. नवा हेडसेट आणवून घे.

काल संध्याकाळी पाच चाळीसला तू 'धन्यवाद' म्हणून माइक बंद करायला विसरलीस आणि पुढे जांभईवाल्याला माझ्याबद्दल जे म्हणालीस ते सगळं गेलं. ते दुरुस्त करून सोबत पाठवते आहे. लाल शाईतच. शुद्ध प्रत काढू नकोस.

लोभ आहे तसाच. ऐकते आहे.

तुझी आत्या